'गो ऑफ': गजर वाजतो, दिवे जातात, दूध नासतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. एकीकडे काहीतरी सुरू होतंय, दुसरीकडे बंद पडतंय, आणि क्रियापद मात्र तेच. शब्दकोश उघडला तर नासणे, मन उडणे, पार पडणे, निघून जाणे असे आणखी अर्थ समोर येतात. हे सगळं घोकायचं, की त्यामागे काही सूत्र आहे?

सूत्र आहे, पण आधी गोंधळ कुठून येतो ते पाहू. आपल्याकडे 'ऑफ' हा शब्द विजेच्या बटणासोबत घरात आला. 'पंखा ऑफ कर', 'मोबाइल ऑफ आहे' असं आपण दिवसभर बोलतो, त्यामुळे ऑफ म्हणजे बंद हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इंग्रजीत मात्र हा अर्थ नंतरचा आहे. मुळात 'ऑफ' (दोन 'एफ'चा) आणि 'ऑव्ह' (एका 'एफ'चा) हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारलेलं रूप 'ऑफ' झालं आणि दोघांची स्पेलिंगं सतराव्या शतकात पक्की वेगळी झाली. त्या जुन्या शब्दाचा अर्थ होता 'पासून दूर', 'वरून वेगळं होऊन'. 'गो ऑफ'चे जवळजवळ सगळे अर्थ या 'दूर जाण्या'तून निघतात, बंद होण्यातून नाही.

मराठी माणसाला हे समजायला 'सुटणे' हे क्रियापद फार उपयोगी पडतं. गाडी सुटते, म्हणजे निघते. गोळी सुटते, म्हणजे उडते. चहा सुटतो, म्हणजे चहाची सवय जाते. शाळा सुटते, म्हणजे संपते. निघणं, उडणं, सवय जाणं आणि संपणं, चारही गोष्टी आपण एकाच क्रियापदाने सांगतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण काय सुटलं हे वाक्यात आधीच आलेलं असतं. 'गो ऑफ'चंही तसंच आहे. अर्थ क्रियापदात शोधायचा नाही, कर्त्यात शोधायचा. 'काय गेलं ऑफ?' एवढा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर हातात येतं.

मात्र हे साम्य अर्थ ओळखण्यापुरतं वापरायचं. उलट दिशेने, म्हणजे मराठीत 'सुटणे' आलं की इंग्रजीत 'गो ऑफ' असं करायला गेलात तर फसाल. शाळा सुटली हे 'स्कूल इज ओव्हर', वारा सुटला हे 'द विंड पिक्ड अप', आणि पोट सुटलं याला तर 'गो ऑफ'चा काही संबंधच नाही.

आता गजर. बंदुकीचा घोडा ताणून ठेवलेला असतो, चाप ओढला की तो सुटतो. उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग अडकवलेली असते, धक्का लागला की ती सुटते. जुन्या किल्लीच्या घड्याळातही गजराची स्प्रिंग किल्ली देऊन अडकवून ठेवलेली असते, ठरलेल्या वेळी अडणी सरकते आणि हातोडी घंटेवर बडवायला लागते. तिन्ही ठिकाणी काहीतरी दबा धरून बसलेलं असतं आणि एका क्षणी ते मोकळं होतं. इंग्रजीत या सगळ्याला 'गो ऑफ'. म्हणून बाँब, बंदूक, फटाका, सापळा, गजर, स्मोक अलार्म, चोरघंटा, विमानतळावरचा मेटल डिटेक्टर, गाडीतली एअरबॅग, कॅमेऱ्याचा फ्लॅश या सगळ्यांच्या बाबतीत 'वेंट ऑफ' म्हणजे काम सुरू झालं: फुटलं, वाजलं, चमकलं. एडिंबरोच्या किल्ल्यावर 1861 पासून दुपारी एकची तोफ उडते, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. तिच्याबद्दल 'द गन गोज ऑफ ॲट वन' असंच म्हणतात. आणि 5 नोव्हेंबर 1605 ला लंडनच्या पार्लमेंटखाली सापडलेली बंदुकीच्या दारूची 36 पिंपं 'नेव्हर वेंट ऑफ', म्हणजे उडालीच नाहीत.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही वस्तू मुळातच उडण्यासाठी किंवा वाजण्यासाठी बनवलेली असावी लागते. गॅसचा सिलिंडर फुटला तर 'एक्सप्लोडेड', टायर फुटला तर 'बर्स्ट', फुगा फुटला तर 'बर्स्ट' किंवा 'पॉप्ड', ज्वालामुखी असेल तर 'इरप्टेड'. या कुणालाच 'वेंट ऑफ' शोभत नाही.

या अर्थातली चूक कधी कधी महागात पडते. इंग्लंडमधल्या वसतिगृहांत आणि ऑफिसांत आगीच्या सूचना लावलेल्या असतात. त्यांत 'इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग' अशा अर्थाचं वाक्य असतं. घंटा वाजायला लागली की बाहेर पडा, असा त्याचा अर्थ. ऑफ म्हणजे बंद हे डोक्यात घट्ट असलेला नवा विद्यार्थी घंटा थांबण्याची वाट बघत बसू शकतो. परदेशी शिकायला निघालेल्या प्रत्येकाला हे एक वाक्य तरी आधी नीट समजावून द्यावं.

दुसरी जागा म्हणजे फोन. मीटिंगच्या मधेच मोबाइलची बॅटरी संपली आणि आपण नंतर परदेशी सहकाऱ्याला लिहिलं, 'सॉरी, माय फोन वेंट ऑफ ड्युरिंग द मीटिंग.' वाचणारा समजतो की फोन मीटिंगमध्ये मोठ्याने वाजला, आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली जातेय. आपल्याला सांगायचं होतं की संपर्क तुटला. तिथे 'माय फोन डाइड' किंवा 'माय बॅटरी रॅन आउट' लिहायचं. फोनसाठी 'वेंट ऑफ' आणि 'रँग' यांतही फरक आहे. 'रँग' म्हणजे नुसता वाजला. 'वेंट ऑफ' म्हटलं की नको तेव्हा, अचानक, सगळ्यांचं लक्ष जाईल असा वाजला, असा सूर लागतो.

मग गजर बंद झाला हे कसं सांगायचं? आपोआप थांबला तर 'द अलार्म स्टॉप्ड', कुणी बंद केला तर 'आय टर्न्ड इट ऑफ'. 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह, सो आय टर्न्ड इट ऑफ अँड वेंट बॅक टू स्लीप' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. एकाच वाक्यात दोन 'ऑफ' आहेत. पहिल्याने गजर वाजला, दुसऱ्याने बंद झाला. इंग्रज माणसाला त्यात काहीच खटकत नाही, कारण त्याने 'टर्न ऑफ' आणि 'गो ऑफ' हे दोन अखंड शब्द म्हणून साठवलेले असतात.

विजेवर चालणाऱ्या आणि आधीपासून चालू असलेल्या वस्तूंचं मात्र आपल्या ओळखीच्या अर्थाने चालतं. 'द लाइट्स वेंट ऑफ', 'द हीटिंग गोज ऑफ ॲट टेन', 'द फ्रिज वेंट ऑफ'. मराठीत आपण 'लाइट गेली' आणि 'लाइट आली' म्हणतो, आणि इंग्रजीतही हीच जोडी आहे: 'द पॉवर वेंट ऑफ ॲट नाइन अँड केम बॅक ऑन ॲट इलेव्हन'. गेली म्हणजे गो, आली म्हणजे कम. म्हणून वीज परत आल्यावर 'वेंट ऑन'पेक्षा 'केम ऑन' स्वाभाविक वाटतं. ज्योत असेल तर 'ऑफ' चालत नाही. मेणबत्ती, शेकोटी, देवापुढचा दिवा हे सगळे 'वेंट आउट'. विजेच्या दिव्यांना दोन्ही चालतं, फ्रिज, हीटर, पंप यांना फक्त 'ऑफ'. बल्ब उडाला तर 'द बल्ब हॅज गॉन', फ्यूज उडाला तर 'द फ्यूज हॅज ब्लोन'. तिथे 'ऑफ' घालायचा नाही.

तिसरा मोठा अर्थ खाण्याच्या पदार्थांचा. दूध नासणं, मासळी किंवा मटण खराब होणं, भाजी विटणं, वरण आंबणं, या सगळ्याला ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात सरसकट 'गो ऑफ' म्हणतात. अमेरिकेत त्याऐवजी 'गो बॅड' किंवा 'स्पॉइल' ऐकू येईल, दुधासाठी 'गो सावर'ही. पण प्रत्येक खराब गोष्ट 'ऑफ' होत नाही. पाव शिळा झाला तर 'स्टेल', बुरशी आली तर 'मोल्डी', तेल किंवा खोबरं खवट झालं तर 'रॅन्सिड'. 'द फ्रिज वेंट ऑफ इन द नाइट, सो द मिल्क वेंट ऑफ' या वाक्यात फ्रिज बंद पडलाय आणि दूध नासलंय. अर्थ कर्ता ठरवतो, याचं यापेक्षा सोपं उदाहरण सापडणार नाही.

पदार्थांवरून माणसाच्या आवडीकडे वळू. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफी खराब झाली असं नाही, माझं कॉफीवरून मन उडालं. इथे मराठी फार मदत करते. आपण अन्न विटलं म्हणतो तसं मनही विटलं म्हणतो, आणि आजारी माणसाची 'अन्नावरची वासना गेली' असंही म्हणतो. नेमक्या याच अवस्थेला इंग्रजीत 'ही हॅज गॉन ऑफ हिज फूड' किंवा 'ही इज ऑफ हिज फूड' म्हणतात. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सेसनी हे वाक्य ओळखायला शिकावं. रुग्णाचे नातेवाईक तोंडी असंच सांगतात, आणि जेवण खराब होतं असा त्याचा अर्थ घेऊन चालणार नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने हा अर्थ बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. इथे 'ऑफ'च्या पुढे कर्म येतं: कॉफी, फूड, द आयडिया. सर्वनामही पुढेच येतं, 'आय हॅव गॉन ऑफ इट'. 'टर्न इट ऑफ'च्या चालीवर 'गो इट ऑफ' असं कधीच होत नाही. आणि आवड आधी असावी लागते. जी गोष्ट कधी आवडलीच नाही, तिच्याबद्दल 'गॉन ऑफ' म्हणता येत नाही, तिथे 'आय हॅव नेव्हर लाइक्ड इट'. माणसांबद्दलही हे वापरतात, पण जपून, कारण 'शी हॅज गॉन ऑफ हिम' याचा अर्थ त्याच्यावरचं तिचं प्रेम ओसरलं असा होतो.

कार्यक्रमासाठी 'गो ऑफ' म्हणजे पार पडणे, पण त्याच्यासोबत तो कसा पार पडला हे सांगणारा शब्द लागतोच. 'द वेडिंग वेंट ऑफ वेल', 'द मीटिंग वेंट ऑफ विदाउट अ हिच', 'एव्हरीथिंग वेंट ऑफ स्मूदली'. नुसतं 'द मीटिंग वेंट ऑफ' म्हटलं तर वाक्य लंगडं पडतं, ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो.

इथे 'गो ऑफ' आणि 'बी ऑफ' यांच्यातला फरक सांगायला हवा, कारण बरेच जण दोन्ही एकच समजतात. 'द मीटिंग वेंट ऑफ वेल' म्हणजे सभा छान झाली, 'द मीटिंग इज ऑफ' म्हणजे सभा रद्द. 'द अलार्म इज गोइंग ऑफ' म्हणजे आत्ता वाजतोय, 'द अलार्म इज ऑफ' म्हणजे बंद ठेवलाय, लावलेलाच नाही. दूध, दिवे आणि आवड यांच्या बाबतीत मात्र दोन्ही एकाच बाजूला जातात: 'हॅज गॉन ऑफ' ही घडलेली क्रिया, 'इज ऑफ' ही त्यानंतरची स्थिती. माणसाबद्दल 'ही इज ऑफ टुडे' म्हणजे आज त्याची सुट्टी आहे, 'आय ॲम ऑफ' म्हणजे मी निघतो, आणि 'ही वेंट ऑफ' म्हणजे तो निघून गेला.

निघून जाण्याचा हा अर्थ सर्वांत सरळ. 'शी वेंट ऑफ टू मेक टी', 'दे वेंट ऑफ टू गोवा फॉर अ वीक'. नुसत्या 'वेंट'पेक्षा यात वेगळं काय, तर आपल्याला इथे सोडून गेले, ही छटा. म्हणून 'ही वेंट ऑफ विदाउट टेलिंग एनीवन' यात थोडी तक्रार ऐकू येते. लहान मुलांना पाठवताना शिक्षक म्हणतात ते 'ऑफ यू गो' हेच क्रियापद उलट्या क्रमाने. 'गो ऑफ विथ'मध्ये दोन गोष्टी येतात: दुसऱ्याची वस्तू घेऊन जाणं आणि जोडीदाराला सोडून दुसऱ्यासोबत जाणं. 'समवन हॅज गॉन ऑफ विथ माय अंब्रेला' यात चोरीचा आरोप असेलच असं नाही, चुकून नेली असेल. सरळ चोरी म्हणायची असेल तर 'मेड ऑफ विथ'.

उरलेले अर्थ ओळखता आले तरी पुरे. बाळ झोपलं, डोळा लागला, यासाठी ब्रिटिश घरांत 'द बेबी हॅज जस्ट गॉन ऑफ'. खेळाडूचा किंवा हॉटेलचा दर्जा घसरला तर 'इट हॅज गॉन ऑफ अ बिट'. रागाने कुणाच्या अंगावर जाणं हे अमेरिकेत 'गो ऑफ ऑन समवन', ब्रिटनमध्ये आदळआपट करणं म्हणजे 'गो ऑफ ऑन वन'. मूळ विषय सोडून भरकटणं हे ब्रिटनमध्ये 'गो ऑफ ॲट अ टँजंट', अमेरिकेत 'ऑन अ टँजंट'. नाटकाच्या संहितेत 'गोज ऑफ' म्हणजे पात्र विंगेत जातं.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त चूक कर्म जोडण्याची. मन उडण्याचा अर्थ सोडला तर या अर्थांमध्ये 'गो ऑफ' अकर्मक आहे. 'दे वेंट ऑफ द बाँब' चूक, 'प्लीज गो ऑफ द फॅन'ही चूक. ज्याने घडवून आणलं तो सांगायचा असेल तर क्रियापद बदलतं. अलार्म किंवा बाँबसाठी 'सेट ऑफ', फटाक्यांसाठी 'लेट ऑफ' किंवा 'सेट ऑफ', बंदुकीसाठी 'फायर', दिवे-पंख्यांसाठी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. परदेशातल्या छोट्या स्वयंपाकघरात फोडणी दिली आणि छतावरचा अलार्म वाजला तर घरमालकाला सांगायचं, 'द स्मोक फ्रॉम माय कुकिंग सेट ऑफ द अलार्म'. कर्ता धूर, क्रियापद 'सेट ऑफ'. कुणाचं नावच नको असेल तर 'द अलार्म वेंट ऑफ व्हाइल आय वॉज कुकिंग'. दोन्ही बरोबर, फक्त दुसऱ्यात जबाबदारी कुणावर टाकलेली नाही.

दुसरी चूक कर्मणी रचनेची. 'द बाँब वॉज गॉन ऑफ' असं होत नाही. 'वेंट ऑफ', 'हॅज गॉन ऑफ' किंवा 'वॉज सेट ऑफ', यांपैकी एक. बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली, कुणी झाडली नाही, हे सांगायला 'द गन वेंट ऑफ' आणि 'ही फायर्ड द गन' यांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो. मराठीत 'सुटली' आणि 'झाडली' यांत जो फरक, तोच.

काळाकडेही लक्ष द्या. 'द अलार्म इज गोइंग ऑफ' म्हणजे वाजतोय. 'द मिल्क इज गोइंग ऑफ' म्हणजे नासायला लागलंय, अजून पूर्ण नासलेलं नाही. आणि 'फायरवर्क्स वर गोइंग ऑफ ऑल नाइट' म्हणजे एकामागून एक फुटत होते. एकच रूप, पण चालू आवाज, हळूहळू होणारा बदल आणि पुन्हा पुन्हा घडणारी क्षणिक क्रिया अशा तीन गोष्टी.

ऐकताना अडचण उच्चाराची येते. शब्द तुटक येत नाहीत: 'वेंट ऑफ' हे 'वेंटॉफ', 'गॉन ऑफ' हे 'गॉनॉफ' असं जोडून येतं आणि जोर शेवटी पडतो. आपल्याकडे 'ऑव्ह'चा उच्चारही 'ऑफ' असाच होतो, त्यामुळे 'लेट गो ऑव्ह द रोप' हे वाक्य लिहून घेताना बरेच जण 'एफ' दोनदा लिहितात. ते वेगळं क्रियापद आहे, दोर सोडणं, आणि त्यात 'एफ' एकदाच येतो.

अभ्यासासाठी अर्थांची यादी करू नका. वहीच्या डाव्या बाजूला कर्ता लिहा, उजवीकडे आपल्या तोंडी येणारं मराठी क्रियापद: गजर वाजला, फटाका उडाला, लाइट गेली, दूध नासलं, लग्न पार पडलं, कॉफीवरून मन उडालं. मधे प्रत्येक ठिकाणी 'वेंट ऑफ' किंवा 'गॉन ऑफ' भरून पूर्ण वाक्य म्हणा. पहिले चार बोलण्यात पक्के होईपर्यंत पुढच्या दोनकडे जाऊ नका, कारण रोजच्या वापरात तेच सतत लागतात. औपचारिक पत्रात, अहवालात किंवा परीक्षेच्या निबंधात 'एक्सप्लोड', 'स्पॉइल', 'डिपार्ट' हे शब्द जास्त शोभतात. 'अलार्म' मात्र तिथेही बिनधास्त 'वेंट ऑफ' लिहा, त्याला दुसरा तितका स्वाभाविक शब्द नाही.

अलीकडे अमेरिकन बोलण्यात 'आय ॲम गोइंग ऑफ ऑव्ह व्हॉट ही टोल्ड मी' अशी रचना कानावर पडते. त्याने जे सांगितलं त्याच्या आधारावर मी बोलतोय, असा तिचा अर्थ. वरच्या कुठल्याच अर्थाशी तिचा सांधा जुळवत बसू नका. ऐकून समजली तरी पुरे आहे, आणि लिहिताना 'बेस्ड ऑन' वापरा.